शिकतां शिकतां शिकविणें

परक्या भाषेंत चार वाक्यें जुळवितां येऊं लागलीं म्हणजे त्या भाषेंतून मुलांस शिकवावयास उभें राहावें कीं नाहीं, हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यांत आमच्या कान्हे गांवीं पडला. स्टेशनजवळच्या एका खोलींत संध्याकाळीं तिसरी-चौथीच्या मुलांना विनावेतन गणित शिकविण्यास केरळांतून आलेल्या एक तरुण बाई येत असत. मराठी शिकावयास लागून त्यांना सहा महिने झाले होते. "माझा वही" असें त्या म्हणत. मुलें हंसत, आणि बाईही हंसत. मला मात्र प्रथम त्या हंसण्याचा राग आला.

पण खरी अडचण वहीची नव्हती. एके दिवशीं एकावन्न म्हणावयाचे तेथें त्यांनीं 'एकोणपन्नास' म्हटलें, आणि सर्वांच्या वह्यांत ४९ उमटले. एक आणि पन्नास, असा त्यांचा सरळ हिशेब. मल्याळम भाषेंत दशक आधीं बोलतात व एकक मागून. आमच्या पंचेचाळिसांत पांच आधीं येऊन बसतो. हें मराठी मुलांनाही जड जातें. म्हणून तर २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'वीस एक, वीस दोन' असें वाचन आलें व केवढा वाद माजला! बाईंना दोष काय द्यावा? तरी पण मुलाचें वर्ष हें कोणाच्या सरावासाठीं नसतें. गरिबाच्या मुलास अर्धेंमुर्धें शिकवून आपण सेवा केली म्हणणें मला मान्य नाहीं.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. मिस सिंथिया फॅरार १८२७ सालीं अमेरिकेहून मुंबईस आल्या, त्या मुलींच्या शाळांसाठीं. मराठी त्यांना येथेंच शिकावी लागली. १८२९ सालीं आलेलीं जॉन व मार्गारेट विल्सन हीं प्रथम हर्णैस राहून मराठी शिकलीं. मग मार्गारेटबाईंनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या. मात्र त्या काळच्या मिशनशाळांतून अक्षरें व अंक गिरवून घेणारे पंतोजी बहुधा येथलेच असत, हें आपण विसरतों. फॅरारबाईंची अहमदनगरची शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्फूर्ति झाली व १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली.

आम्हीही पंतोजी शोधला. नववींतील एक मुलगी बाईंच्या शेजारीं बसूं लागली. बाई आंकडा फळ्यावर लिहीत. त्याचें नांव मुलें सांगत. सर्वांआधीं बोले तो कातकरी वस्तींतील एक मुलगा. माझ्या वर्गांत त्यानें दोन वर्षांत तोंड उघडलें नव्हतें. त्याच्या घरची बोली निराळी. माझी पुस्तकी मराठी तोही शिकतच होता, आणि तो चुकला कीं वर्ग हंसे. तेव्हां त्या हंसण्याचा मला राग आला नव्हता, हें लिहितांना लाज वाटते.

जूनपासून वर्ग पुन्हां भरेल. बाईंची मजल एकोणसाठपर्यंत गेली आहे, असें कळतें.