आधी काम, मग बेल्ट

खोपोली-सावरोली पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी हवी तर ‘सिक्स सिग्मा’चा बेल्ट घ्या, असा सल्ला कर्जत-खालापूरच्या आपल्या मुलांना मिळू लागला आहे. फी भरण्याआधी पालकांनी हे प्रकरण समजून घ्यायला हवं.

ही पद्धत १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत इंजिनीअर बिल स्मिथ यांनी मांडली. दहा लाख संधींमागे चुका ३.४ च्या वर जाऊ नयेत, हे तिचं माप. चूक मोजायची, कारण शोधायचं, सुधारणा करायची आणि ती टिकवायची. विद्या चांगलीच आहे.

मेख वेगळीच आहे. बेल्ट देण्याचा हक्क कुठल्याही एका संस्थेकडे नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गातूनही बेल्ट मिळतो आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रशिक्षणातूनही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी तर ग्रीन बेल्टसाठीच तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते. म्हणजे हा कागद नोकरीचा दरवाजा उघडण्यापेक्षा आत गेल्यावर वर चढायला कामी येतो.

म्हणून नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलासाठी अम्मीचे दागिने गहाण ठेवून ब्लॅक बेल्ट घेणं आम्हाला पटत नाही. आधी आयटीआय, डिप्लोमा, अ‍ॅप्रेंटिसशिप. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री असेल तर क्वालिटी लॅबमध्ये अर्ज करू द्या. बेल्ट नंतर, जमलं तर कंपनीच्या खर्चाने.

तरीही घ्यायचाच असेल तर तीन सवाल विचारा. परीक्षा कोण घेतं? प्रत्यक्ष प्रोजेक्ट करून घेता का? नोकरीची हमी लेखी देता का? जवाब गोलमोल आला, तर पैसे घरातच राहू द्या.