चावडी पाडण्याआधी भिंतीतला दगड बघा

सरपंच, ग्रामसेवक, माजी सैनिक आणि समस्त गावकरी मंडळी,

जुनी चावडी पाडून नवी इमारत बांधायचा ठराव झाला असेल, तर ठेकेदाराला दोन दिवस थांबवा. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या लढाईवर या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, एवढाच तिच्यावर हिशेब. नाव एकाचंही नाही. ती राडारोड्यात गेली की हा हिशेबही गेला.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे त्या लढाईत ४६ जण मेले. त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. बाकीच्या गावांत मात्र पाटीवर निवडणुकीचं पोस्टर चिकटतं, फार तर ऑइलपेंटचा हात फिरतो.

आपली माणसं गेली कुठे? पुष्कळशी बसऱ्याकडे, आजच्या इराकात. तिथल्याच कूत शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी उपासमारीत अडकल्या; २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या दुजाभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. बरं केलं. पण तिथे आकडा आणि इथेही आकडाच, मग नावं लिहायची कुणी?

आपणच. आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका सापडतो. घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. लढाईच्या बिल्ल्याच्या कडेला शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. (चांदीचे बिल्ले कित्येक घरांनी कधीच आटवून टाकले, उरलेला तरी मोडीत घालू नका.) म्हाताऱ्यांना आजच विचारा, दिवाळीवर ढकलू नका.

पाटी ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. आधी फोटो काढा, मग जाणत्या गवंड्याकडून ती अख्खी सोडवून घ्या आणि नव्या इमारतीत दर्शनी भिंतीला बसवा. तिच्या शेजारी दुसऱ्या पाटीची जागा मोकळी ठेवा, नावांसाठी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि तोवर जेवढी नावं हाती लागतील तेवढी तिथेच मोठ्याने वाचा.