निबंधाआधींचा गोषवारा

भाषाशास्त्राच्या परिषदेंत निबंध वाचावयाचा असेल तर आधीं त्याचा गोषवारा पाठवावा लागतो, आणि निबंधाचें भवितव्य बहुधा त्या गोषवाऱ्यावरच ठरतें. आमच्या वाचकांच्या घरांतून हल्लीं एम्. ए. झालेलीं आणि पीएच्. डी. साठीं धडपडणारीं मुलें आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांस मात्र हा प्रकार अपरिचित असतो. निबंध तयार असतांना त्याचे तीनशें शब्द करून परक्यांच्या हातीं कां द्यावयाचे, असें एका सद्गृहस्थांनीं आम्हांस परवां विचारलें. त्यांस आम्हीं सांगितलें कीं, पुष्कळ वेळां निबंध तयार नसतोच. तयार असतो तो विचार, आणि तो खरोखर तयार आहे कीं नाहीं हेंच गोषवाऱ्यावरून पाहावयाचें असतें.

रीत अशी आहे. परिषद भरविणारी संस्था कांहीं महिने आधीं विषय, शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख जाहीर करते. मर्यादा साधारणतः ३०० ते ५०० शब्दांची. गोषवाऱ्यावर लेखकाचें नांव नसतें. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर जसा केवळ बैठक क्रमांक असतो, तसेंच हें. दोन किंवा तीन परीक्षक तो स्वतंत्रपणें वाचून अभिप्राय देतात. स्वीकार झाला तर वाचनास वीसएक मिनिटें आणि प्रश्नांस त्याहून कमी वेळ मिळतो. आपल्याकडे या कामीं प्रमुख संस्था म्हणजे लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया. ती १९२८ सालीं लाहोरास स्थापन झाली, तेथून कलकत्त्यास गेली आणि पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत स्थिरावली.

संस्कृत शिकलेल्या माणसास यांत नवें असें फारसें वाटूं नये. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध ग्रंथारंभीं सांगण्याची आपली शास्त्रपरंपरा आहे. आणि प्रतिज्ञेमागोमाग हेतु व उदाहरण हवें, हें नैयायिकांनीं ठरवूनच टाकलें आहे. नवशिक्यांचे गोषवारे आम्हीं जे पाहिले त्यांत हेतु आणि उदाहरण यांचाच दुष्काळ असतो. पहिले दीडशें शब्द मराठीच्या थोरवींत जातात. मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरांत अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट खरी. पण परीक्षकास ती ठाऊक असते. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांचे आपण वंशज; निदान शब्दमर्यादेपुरतें तरी तें आठवावें.

आतां आमच्या प्रांतासंबंधीं. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीवरील खंड १९०५ सालीं निघाला. त्या पाहणीच्या क्षेत्रांत मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचें हैदराबाद संस्थान हे प्रदेश नव्हते. नांदेड आणि लातूर त्या वेळीं निजामाकडे. म्हणजे ज्या ग्रंथास सगळे भाषाशास्त्रज्ञ प्रथम हात घालतात, त्यांत आमच्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्याची पाहणीच नाहीं! पुढें डॉ. घाटगे यांनीं १९६३ पासून मराठीच्या बोलींवर पुस्तकांची एक माला काढली. तींत दक्षिण कानडा, कुडाळ, काणकोण, कोचीन अशा किनाऱ्याकडील बोलींवरच मुख्य भर होता. अलीकडे डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानें गांवोगांवचीं ध्वनिमुद्रणें करून तीं सर्वांस खुलीं केलीं आहेत. मराठवाड्याची उणीव भरून निघूं लागली ती तेथून. नांदेडास १९९४ पासून विद्यापीठ आहे, लातुरास त्याचें उपकेंद्र आहे. सामग्री घरांत आहे, विद्यापीठ दाराशीं आहे. तरीहि आमच्या बोलीवर लिहावयाचें म्हटलें कीं मुलांस संकोच वाटतो. ती ‘अशुद्ध’ आहे, असें त्यांनीं ऐकलेलें असतें.

देगलूरकडील आमची एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यांत असाच एक गोषवारा घेऊन आली. “गुरुजी, मी पुन्हा लिहायले, तुम्ही एकदा बघा,” असें ती म्हणाली, आणि तिचा विषयहि नेमका तोच होता: ‘लिहायले’ हें रूप. एका परिषदेनें (नांव घेण्याचें कारण नाहीं) तिचा पहिला गोषवारा परत केला होता. परीक्षकाचा अभिप्राय असा कीं, हें कांहीं निराळें रूप नव्हे. ‘करायला’ या नेहमींच्या तुमन्ताचाच हा सैल वापर आहे, आणि पुढचें क्रियापद बोलणारानें गिळलें आहे. घरून वडिलांनीं बजावलें होतें कीं, हा दुसरा प्रयत्नहि फुकट गेला तर हा नाद सोडून बी. एड्. ला जावें.

परीक्षकाचें म्हणणें आम्हीं शांतपणें तपासलें. ‘तो काम करायला’ एवढें पुण्याच्या माणसानें ऐकलें तर तो पुढच्या शब्दाची वाट पाहत बसेल. नांदेडच्या माणसाचें वाक्य तेथें पुरें झालेलें असतें. तो काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण तुमन्ताला लिंगवचन नसतें. ‘ती करायला गेली’, ‘ते करायला गेले’ यांत ‘करायला’ हलत नाहीं. आमच्याकडे मात्र ‘ती करायली’, ‘ते करायले’, ‘तूं काय करायलास’ अशीं रूपें चालतात. तेव्हां हा ‘ला’ विभक्तीचा नव्हे, ‘लागला’ मधल्या ‘ला’चा वंशज असावा, असें म्हणण्यास जागा आहे. उदगीरकडे ‘करूलालास’ ऐकूं येतें. त्यांत ‘करूं लागलास’ अजून अर्धें उघडें दिसतें. अर्थ मात्र पुढें सरकला आहे. ‘सकाळपासून पाऊस पडूं लागला’ म्हटल्यास आरंभ कळतो. आमचें ‘सकाळपासून पाऊस पडायला’ म्हणजे तो अद्याप थांबलेला नाहीं.

हा सर्व पुरावा तिच्या वहींत होता आणि गोषवाऱ्यांत नव्हता! गोषवाऱ्यांत होता तेलुगूचा प्रभाव. देगलूर तेलंगणाच्या सीमेवर, म्हणून हें रूप तेलुगूवरून आलें, असें तिनें ठोकून दिलें होतें. आम्हीं तीं वाक्यें तिला काढावयास लावलीं. सांगलीजवळच्या कुपवाड गांवीं मराठी, कानडी आणि उर्दू यांचीं व्याकरणें एकमेकांच्या किती जवळ आलीं, हें गम्पर्झ आणि विल्सन यांनीं १९७१ सालीं दाखविलें, तें वाक्यास वाक्य लावून. नुसता शेजार हा पुरावा नव्हे. आणि सीमेपासून दूर परभणीकडेहि लोक असेंच बोलतात, त्याचें काय?

उदाहरणें तीन ओळींत द्यावीं लागतात: वर मूळ वाक्य, त्याखालीं पदापदाचा अर्थ, त्याखालीं एकंदर अर्थ. लाइपझिगच्या विद्वानांनीं याचे नियम बांधून दिले आहेत. परीक्षक तमिळ असेल, जर्मन असेल. त्याला मराठी येतच असेल असें धरून चालतां येत नाहीं. पदच्छेद आणि अन्वय ज्यानें केला आहे त्यास हें काम जड जाऊं नये, आणि तिला तें गेलेंहि नाहीं.

आमच्यासारख्या व्याकरणाच्या मास्तरानें अशा रूपांची भलावण करावी काय, असें कोणी विचारील. परीक्षेच्या पेपरांत ‘करीत आहे’ असेंच लिहावें, हें आमचें मत कायम आहे. परंतु नोंद करणें निराळें आणि शिफारस करणें निराळें. पाणिनीनें पूर्वेकडील आणि उत्तरेकडील आचार्यांचे मतभेद नोंदविले. पतंजलीनें कांबोजांत गत्यर्थीं चालणारा धातु सांगितला, आणि दाक्षिणात्यांस तद्धितांची फार हौस, असा चिमटाहि काढला. त्यानें ती नोंद केली नसती तर आज आपणांस तें कळलें नसतें. आणि खरें सांगावयाचें तर नांदेडच्या वेदपाठी घरांतूनहि “आजोबा संध्या करायलेत” असेंच ऐकूं येत असे.

सहा दिवसांत गोषवारा चार वेळां लिहिला गेला. पहिला परिच्छेद सगळा गेला; ‘करायली’, ‘करायले’ वरच्या ओळीस आलीं; उदगीरचें रूप मध्यें बसलें; तेलुगूसाठीं एक शब्दहि उरला नाहीं. मर्यादा ३०० ची होती, भरले २९४. उदाहरणें जिच्या तोंडचीं, ती तिची आजी ऐंशी उलटलेली आहे. आपलें बोलणें परिषदेस जाणार हें कळल्यावर म्हातारीनें दोन दिवस पुस्तकी मराठी बोलण्याचा हट्ट धरला, त्यामुळें तेवढें ध्वनिमुद्रण वायां गेलें. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्रीं गोषवारा रवाना झाला. निकालास कांहीं आठवडे आहेत. तोंवर ती उदगीर आणि देवणीकडे आणखी वाक्यें गोळा करीत फिरत आहे. बी. एड्. च्या प्रवेशाचा अर्ज वडिलांनीं तूर्त कपाटांत ठेवला आहे.