पाठ घरीं, अभ्यास शाळेंत

मास्तरांनीं वर्गांत पाठ सांगावा आणि मुलांनीं तो घरीं जाऊन पचवावा, ही रीत आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती उलटी फिरवितां येईल ही कल्पनाहि सहसा कोणास शिवत नाहीं. अमेरिकेंत कांहीं अध्यापकांनीं ती फिरविली. नवा पाठ विद्यार्थ्यानें आधीं घरीं वाचावयाचा किंवा त्याची चित्रफीत पाहावयाची. गणितें, शंका, वाद हें सारें मात्र वर्गांत, शिक्षकांच्या देखत.

हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविणारे एरिक माझूर हे विद्यार्थिप्रिय अध्यापक. त्यांचे विद्यार्थी परीक्षेंतील अवघड गणितें सहज सोडवीत. १९९० सालीं त्यांनीं वर्गास अगदीं साध्या प्रश्नांची एक चांचणी दिली. जड मालमोटार आणि लहानशी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचा जोर कोणावर अधिक, अशा तऱ्हेचे ते प्रश्न. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें दोन्ही जोर सारखेच; नियम सर्वांना मुखोद्गत होता. तरी वर्गांतून पृच्छा आली कीं, उत्तर तुम्ही शिकविलें त्याप्रमाणें लिहावयाचें, कीं आम्हांला एरवीं वाटतें त्याप्रमाणें? वाचकांनीं हा प्रश्न घटकाभर आपल्या घरांतील हुषार मुलाच्या तोंडीं घालून पाहावा.

माझूर यांनीं व्याख्यानें आटोपतीं घेतलीं. विद्यार्थ्यांनीं पुस्तक आधीं वाचून यावयाचें. वर्गांत एक प्रश्न घालावयाचा, प्रत्येकानें आपापलें उत्तर द्यावयाचें, मग शेजाऱ्याशीं वाद करून पुन्हां उत्तर द्यावयाचें. दुसऱ्या खेपेस बरोबर उत्तरें बहुधा वाढतात. ज्याला गोष्ट नुकतीच उमगली, त्याला ती कोठें अडली होती हें ताजें आठवतें. अध्यापक तें केव्हांच विसरलेला असतो!

पुढें २००७ सालीं कोलोराडो राज्यांतील वुडलंड पार्क येथील हायस्कुलांत जोनाथन बर्गमन व अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोघां शिक्षकांनीं, सामन्यांपायीं तास बुडणाऱ्या मुलांकरितां पाठ चित्रित करून ठेवण्यास आरंभ केला. त्यांतून त्यांच्या ध्यानीं आलें कीं, मुलाला शिक्षक हवा असतो तो पाठ ऐकतांना नव्हे, तर अडल्यावर. आम्हांस या पद्धतीचें मर्म येथें दिसतें. शिकल्यासवरल्या घरीं रात्रीं नऊ वाजतां गणित अडलें, तर आई, वडील नाहीं तर शिकवणीचे मास्तर तें सोडवून देतात. ज्या घरीं कोणीच शिकलेलें नाहीं, तेथील मुलाची वही कोरीच राहते, आणि सकाळीं तें आळशी ठरतें. हें अडणें शाळेच्या वेळांत आणून ठेवलें, तर त्या मुलाला प्रथमच बरोबरीचा आधार मिळतो.

मात्र चित्रफीत घरीं धाडून वर्गांत पुन्हां तेंच व्याख्यान देणारी शाळा मुलाचे दोन तास घेते आणि देत एकहि नाहीं. शिवाय चित्रफीत पाहावयास साधन आणि शांत कोपरा हवा. दोन खोल्यांत सहा माणसें राहतात तेथें तो कोठून आणावा? कोपऱ्याचें तर राहोच, पण साधनाची अडचण बर्गमन व सॅम्स यांनीं स्वतः निवारली. ज्यांच्या घरीं इंटरनेट नव्हतें, पण संगणक होता, त्यांना पाठ उतरवून दिले. ज्यांच्याकडे तोहि नव्हता, त्यांना घरच्या दूरदर्शनसंचावर लावतां येतील अशा तबकड्या करून दिल्या.