ट्रॅक्टरला ब्रेक, ट्रॉली मोकाट

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की पुणे-बेंगळुरू महामार्गापासून पुणे-सोलापूर आणि अहिल्यानगर-मनमाड रस्त्यापर्यंत एकच दृश्य दिसू लागते. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे एकापाठोपाठ जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या चौकटीबाहेर डोकावणारा ऊस. हंगामाच्या प्रारंभी परिवहन अधिकारी आणि पोलीस कारखान्यांच्या आवारात जाऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, चालकांना चार समजुतीचे शब्द सांगतात, कर्णकर्कश गाणी लावू नका असे बजावतात. हे सारे आवश्यकच आहे. रात्रीच्या अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून अनेकांचे प्राण गेले आहेत. मात्र रिफ्लेक्टरमुळे मागच्याला ट्रॉली दिसते. पुढे काही आडवे आले तर ती ट्रॉली थांबणार कशी, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. तो प्रश्न आहे ब्रेकचा आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळपास होतच नाही.

या वाहतुकीचा आवाका मोठा आहे. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात राज्यातील दोनशेच्या घरातील कारखान्यांनी सुमारे १३२० लाख टन ऊस गाळला. फडातून गव्हाणीपर्यंत हा ऊस ट्रक, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून आला. बैलगाडी मागे पडत गेली तसा ट्रॅक्टरचा वाटा वाढत गेला. शेतात वावरणारे हे यंत्र वर्षातील चार-पाच महिने महामार्गावरचे मालवाहू वाहन बनले. परंतु त्याची रचना मात्र शेतातल्या कामाचीच राहिली.

ही रचना समजून घेतली, तर धोका कोठे आहे ते कळते. साध्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच असतात. डाव्या आणि उजव्या चाकासाठी दोन वेगळे पेडल असतात, कारण शेतात बांधाशी वळताना एकच चाक रोखावे लागते. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडल खिटीने जोडून घ्यावीत, असा दंडक आहे. ती जोडली नाहीत, तर घाईत एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. पण खिटी लावली, तरी मूळ अडचण उरतेच. मागच्या ट्रॉल्यांना चालू स्थितीतील ब्रेक नसतील, तर सगळ्या गाडीचा भार त्या दोन चाकांनाच रोखावा लागतो.

एक ठोकळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अडीच टनांचा ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या मिळून एकूण वजन वीस टन धरू. यात ऊस जेमतेम तेरा-चौदा टनच येतो; प्रत्यक्षात तो पुष्कळदा याहून अधिक असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पावणेदोन टन भार आला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चाके टनापेक्षा थोडा अधिक रोध देऊ शकतात. सगळ्या टायरांच्या फिरण्यातला अटकाव त्यात मिळवला, तरी रोखणारा जोर दीड टनाच्या पुढे जात नाही. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेली ही गाडी ब्रेक लागल्यानंतर सुमारे ४७ मीटर जाऊन थांबेल. दर वीस मीटरला एक मीटर उतार असेल, तर त्या दीड टनातील एक टन उतारच खाऊन टाकतो आणि थांबण्यास सुमारे १४० मीटर लागतात. उतार याहून तीव्र होऊन दर तेरा मीटरला एक मीटर झाला, तर ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. चाकांना शेतातला चिखल असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा रस्ता ओला असेल, तर हे आकडे आणखी बिघडतात. याउलट ट्रॉल्यांच्या सर्व चाकांना बेताचे ब्रेक असले, तरी तीच गाडी सपाटीवर बारा मीटरच्या आसपास आणि त्या उतारावर पंधरा मीटरच्या आत थांबू शकते.

थांबण्याचे अंतर हा धोक्याचा अर्धाच भाग आहे. पुढचा ट्रॅक्टर मंदावतो आणि मागचा भार त्याला ढकलत राहतो. वळणावर हा रेटा सरळ रेषेत न येता तिरका येतो, मग चाकूचे पाते मुठीत मिटावे तसा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या अंगावर दुमडतो. अशा वेळी चालक कितीही सराईत असला, तरी स्टिअरिंग त्याच्या हाती उरत नाही. घाटात जोडणीची पिन तुटली, तर सुटलेली ट्रॉली उताराने मागे येते आणि तिला रोखणारे काहीही नसते. अपघातानंतरच्या पंचनाम्यात मात्र 'चालकाचा ताबा सुटला' एवढेच वाक्य येते. ताबा राहील अशी व्यवस्था मुळात होती का, हे क्वचितच विचारले जाते.

इतरत्र हा प्रश्न फार खालच्या वजनापासून सुरू होतो. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. अनेक राज्यांत ही मर्यादा ३००० पौंड, म्हणजे सुमारे १३६० किलो आहे, तर कॅलिफोर्नियात ती १५०० पौंडांवर येते. तिथे सुटीत नाव किंवा घोड्यांचा ट्रेलर पिकअपला जोडून नेणारा सामान्य नागरिकही, आपल्या गाडीत ब्रेक कंट्रोलर कोणता बसवावा, याची चौकशी करतो. हे छोटे उपकरण चालकाजवळ असते आणि ट्रेलरच्या विद्युत ब्रेकना किती जोर लावायचा हे ठरवते. त्याचा एक प्रकार ठरावीक गतीने जोर वाढवत नेतो; दुसरा, पुढची गाडी किती झपाट्याने मंदावते आहे हे ओळखून त्या प्रमाणात ट्रेलर रोखतो. दुसरा प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो. व्यापारी वाहतुकीत तर ट्रेलर सुटला, तर त्याचे ब्रेक आपोआप लागून किमान पंधरा मिनिटे टिकले पाहिजेत, असा अमेरिकेचा संघीय नियम आहे.

अर्थात, ते उपकरण आणून आपल्या ट्रॅक्टरवर बसवावे इतके हे सोपे नाही. भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मुळातच सावकाश मंदावतो. त्याच्या मंदावण्यावरून ट्रॉलीचा ब्रेक ठरवायचा, तर इशाराच क्षीण मिळेल. म्हणून इथे इशारा चालकाने पेडलवर दिलेल्या दाबातूनच घ्यायला हवा. ट्रॉली पुढे रेटली गेली की दांडा दबून लागणारा यांत्रिक ब्रेक स्वस्त आणि साधा आहे. युरोपात मोटारींमागच्या साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला तो चालतो. परंतु लांब उतारावर तो सतत लागून तापतो आणि निकामी होऊ शकतो. दहा टनांच्या ट्रॉलीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवणे धाडसाचे ठरेल.

त्यामुळे खरी निवड हायड्रॉलिक आणि हवेच्या ब्रेकमध्ये आहे. ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक पंप असतोच. त्याच्याच जोरावर औजारे उचलली जातात आणि ट्रॉली उलटी करून रिकामी केली जाते. तेव्हा ब्रेकसाठी झडप बसवून तेलाची नळी मागे नेणे कमी खर्चाचे पडते. दोष असा, की एकच नळी असेल आणि ती फुटली, तर ब्रेकही जातो. याच कारणाने युरोपीय संघाने २०१५ च्या नियमांत शेती ट्रेलरसाठी एकेरी नळीची जोडणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग धरला. हवेच्या ब्रेकसाठी ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी बसवावी लागते, म्हणजे खर्च वाढतो. परंतु दुहेरी नळीच्या रचनेत ट्रॉली सुटली वा हवा गेली, की ब्रेक आपणहून लागतात. शिवाय ट्रकमुळे ही यंत्रणा दुरुस्त करणारे कारागीर आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. महामार्गावर आणि घाटात जाणाऱ्या जड ट्रॉल्यांसाठी हाच पर्याय अधिक भरवशाचा दिसतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या हलक्या, एका ट्रॉलीच्या वाहतुकीला दुहेरी नळीचे हायड्रॉलिक ब्रेक पुरेसे ठरू शकतात.

मात्र कोणताही पर्याय निवडला, तरी एक अट त्याच्या आधी येते. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची जोडी कायमची नसते. एक ट्रॉली फडात भरत असते, दुसरी कारखान्याच्या काट्यासमोर रांगेत असते आणि ट्रॅक्टर दोन्हींत ये-जा करतो. ब्रेकचा अर्धा भाग ट्रॅक्टरवर आणि अर्धा ट्रॉलीवर असतो. दोघांच्या जोडण्या जुळल्या नाहीत, तर दोन्हीकडे ब्रेक असूनही गाडी बिनब्रेकचीच धावेल. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये आपापल्या पद्धतीने बांधल्या जाणाऱ्या ट्रॉल्यांसाठी एकच जोडणी निश्चित करणे, हे म्हणूनच पहिले काम आहे. ते वैयक्तिक खरेदीदाराच्या हातात नाही. ते शासनानेच करावे लागेल.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये असा कडक झाला. पण रस्त्यावर उभे राहून हजारो ट्रॉल्यांची तपासणी करण्याएवढे मनुष्यबळ परिवहन विभागाकडे नाही. आणि हंगाम ऐन भरात असताना ट्रॉली अडवली, तर तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि झळ शेतकऱ्याला बसते. त्यामुळे कारवाईही अर्ध्या मनानेच होते.

यावर अंमलाची जागा बदलणे हाच उपाय आहे. प्रत्येक ट्रॉली दिवसाकाठी एका ठिकाणी निश्चितपणे येते, ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. तेथे प्रत्येक खेपेची नोंद होते. वाहतूकदाराशी कारखाना हंगामापूर्वी करार करतो आणि त्याला उचलही देतो. कारखान्याला गाळप परवाना साखर आयुक्तांकडून मिळतो. म्हणजे ब्रेक नसलेल्या ट्रॉलीशी करार करू नये, ही अट परवान्यातून करारात आणि करारातून काट्यावर उतरवता येईल. पहिल्या हंगामात नव्या ट्रॉल्या आणि दोन ट्रॉल्यांच्या जोड्या, पुढे घाटातून जाणारी वाहने आणि अखेरीस उरलेली, असा क्रम लावला, तर कोणावर एकदम बोजा पडणार नाही. खर्च मात्र एकट्या ट्रॉलीमालकाच्या माथी मारून चालणार नाही. तो बहुधा कर्ज काढून व्यवसायात उतरलेला ग्रामीण तरुण असतो आणि खेपा वाढवण्याच्या विवंचनेत ब्रेकचा खर्च सर्वांत आधी टाळतो. वाहतुकीचा दर ठरवताना ब्रेकच्या ट्रॉलीला थोडा अधिक दर मिळाला, तर हे गणित बदलू शकेल.

साध्या दुचाकीलासुद्धा २०१८-१९ पासून एबीएस किंवा दोन्ही चाकांचे एकत्रित ब्रेक सक्तीचे झाले आहेत. शंभर-सव्वाशे किलोच्या वाहनासाठी जी काळजी घेतली गेली, ती वीस टनांच्या गाडीसाठी घेतली जाऊ नये, हे अनाकलनीय आहे. या ट्रॉल्यांतून केवळ ऊस जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून निघालेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे लेकराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह याच ट्रॉल्यांत बसून फडाकडे येतात आणि हंगाम संपला, की त्यांतूनच गावी परततात. वाटेतले घाट त्यांनाही उतरावे लागतात. पुढच्या हंगामाचे करार होण्याआधी ट्रॉलीच्या ब्रेकचा निर्णय झाला, तरच त्या प्रवासाला काही भरवसा येईल.