झाकली मूठ आणि सैल तारा

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. व्यवहारात ती खरी असेलही; परंतु विद्येच्या बाबतीत, आणि विशेषेकरून गाण्याच्या बाबतीत, ती साफ खोटी आहे असे आमचे मत झाले आहे. हे मत आम्हांस कोणा पंडिताच्या ग्रंथात सापडले नाही. गेल्या वर्षी गिटारवर एक परदेशी गाणे बसविताना ते हळूहळू आमच्या मनात तयार झाले. म्हणून आधी त्या गाण्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

गाणे हवाई बेटांतले. नाव ‘अलोहा ओए’. निरोपाचे गाणे ते. लिलिउओकलानी या राजकन्येने ते १८७८ साली रचिले. पुढे १८९१ साली ती हवाईची राणी झाली. दोनच वर्षांनी तिचे राज्य उलथविण्यात आले, आणि १८९५ साली तिला तिच्याच राजवाड्यात बंदिवान करून ठेवण्यात आले. कर्ती ठाऊक असल्यामुळे काटेकोर अर्थाने हे लोकगीत नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु जे गाणे लोकांनी आपल्या प्रत्येक निरोपाच्या प्रसंगी गाइले, त्यास लोकांचे गीत म्हणावयास कोणाची हरकत असू नये.

प्रथम आम्ही हे गाणे नेहमीच्या रीतीने वाजवू लागलो. गिटारच्या सहा तारा जाडीपासून बारकीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा लाविलेल्या असतात. एकेक कॉर्ड धरावयास डाव्या हाताची तीनचार बोटे निरनिराळ्या पडद्यांवर दाबावी लागतात. आम्ही पुस्तकातील आकृत्या पाहून बोटे ठेवीत होतो. बोटांची टोके हुळहुळी झाली, परंतु गाणे काही होईना. एका कॉर्डवरून दुसरीवर जाईपर्यंत चालीचा धागा तुटे. सूर बरोबर होते, ताल ठीक होता, आणि तरीही ऐकणाऱ्यास ते गाणे न वाटता गणिताचे उदाहरण वाटे.

मग आम्हांस कळले की हवाईचे लोक स्वतः हे असे वाजवीतच नाहीत. त्यांच्या रीतीस ‘की होआलू’ म्हणतात. ‘तार सैल करणे’ हा त्याचा सरळ अर्थ. सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवावयाची, तिच्या शेजारची ए वरून जी वर, आणि सर्वांत बारीक तार ई वरून डी वर. बाकीच्या तीन तारांस हातही लावावयाचा नाही. तारा ताणावयाच्या नसून उतरवावयाच्या असल्याने त्या तुटण्याचे भय नाही. आता जी हा षड्ज मानला, तर सहा तारा खालून वर अशा बोलतात: प, सा, प, सा, ग, प. डावा हात मांडीवर ठेवून नुसता उजवा हात तारांवरून फिरवावा, की अख्खी गिटार एका सुरात नादते. तंबोऱ्याजवळ बसून ज्यांनी गाणे शिकले आहे, त्यांना या नादाची ओळख करून देण्याची गरज नाही.

या जुळणीचे नाव ऐकून तर आम्हांस हसूच आले. तिला इंग्रजीत ‘टॅरो पॅच’ म्हणतात, आणि टॅरो म्हणजे आपले अळू! आपण पानांचे फदफदे आणि वड्या करतो. तेथील लोक त्याचा कंद उकडून, कुटून रोज खातात. अंगणातल्या अळूच्या वाफ्याचे नाव ज्या जुळणीस लाभले, तिच्यात घरगुतीपणा किती असेल हे निराळे सांगावयास नको.

‘अलोहा ओए’ला मुख्यतः तीनच कॉर्ड लागतात. सैल तारांच्या गिटारवर त्यांची तीन ठिकाणे आहेत. तारा मोकळ्या सोडल्या की षड्जाची कॉर्ड. पाचव्या पडद्यावर एक बोट आडवे टाकले की मध्यमाची. सातव्यावर टाकले की पंचमाची. ध्रुवपद मध्यमाच्या कॉर्डवर उघडते, मोकळ्या तारांवर घरी येते, पंचमावर जाते, आणि पुन्हा घरी परतते. उजव्या हाताच्या अंगठ्याने जाड तारांवर आळीपाळीने ठेका धरावयाचा, आणि इतर बोटांनी बारीक तारांवर चाल गावयाची. अंगठा थांबता कामा नये, आणि चालीने घाई करता कामा नये. या शांत, मृदू गोडव्यास त्यांच्या भाषेत ‘नाहेनाहे’ असा शब्द आहे.

यावर काही मंडळी नाक मुरडतात. एका बोटाने कॉर्ड वाजू लागली, तर त्यात विद्या ती कोणती. ही तर आळशाची पळवाट, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अशा गिटारवर स्वर बदलून गावयाचे झाले तर अडचण पडते. कोमल गंधाराच्या उदास चालींस ही जुळणी सोयीची नाही. परंतु श्रम कमी होतात, हे मात्र आम्हांस मान्य नाही. ते डाव्या हातावरून उजव्या हातावर जातात, इतकेच. अंगठा एक सांगतो आणि बोटे दुसरे. दोघांस एकत्र चालावयास शिकविताना आमचे तीन महिने गेले. शिवाय, गाण्यास वाद्याच्या सोयीप्रमाणे वाकविण्यापेक्षा वाद्यास गाण्याप्रमाणे मिळवून घ्यावे, यात आम्हांस तरी गैर काही दिसत नाही.

आणि गंमत अशी की गिटार हे वाद्य हवाईत मुळी परकेच होते. १७९३ साली व्हँकुव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने तेथील राजास गुरे भेट दिली. गुरे इतकी वाढली, की ती आवरण्याकरिता १८३० च्या सुमारास मेक्सिकोतून घोडेस्वार गुराखी बोलवावे लागले. त्यांच्याबरोबर गिटार आली. तेथील लोकांनी वाद्य घेतले, आणि तारा मात्र आपल्या गळ्यास रुचतील अशा लाविल्या. परके वाद्य आपले कसे करावे, याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही.

परंतु आमच्या मुख्य मुद्द्याची गोष्ट यापुढेच आहे. ही जुळणी प्रत्येक घराण्यात निराळी असे, आणि ती गुप्त ठेवीत. गिटार खाली ठेवण्यापूर्वी वादक तारा आणखी सैल करून ठेवी, म्हणजे पाहुण्याने ती उचलली तरी गुपित कळू नये! घराण्याच्या ठेव्याविषयी हा अभिमान आपण समजू शकतो. तथापि काळ वाईट होता. राज्य गेले, १८९६ च्या कायद्याने शाळांत शिकविण्याचे माध्यम इंग्रजी ठरले, मुलांच्या तोंडची हवाई भाषा मागे पडत चालली. अशा वेळी ज्या घरात मुलाने शिकावयाचे नाकारले, किंवा वडिलांनी शिकवावयाचे टाळले, तेथील जुळणी वडिलांबरोबरच गेली. झाकलेली मूठ झाकलेलीच राहिली, आणि सव्वा लाख कोणाच्याच हाती लागले नाहीत.

सुदैवाने काहींनी मूठ उघडली. गॅबी पाहिनुई यांनी १९४६-४७ च्या सुमारास ध्वनिमुद्रिकेवर ही रीत वाजवून दाखविली. रेमंड काने यांनी लहानपणी समुद्रातून मासे मारून आणून द्यावे, आणि त्या बदल्यात वडीलधाऱ्या वादकाकडून धडा घ्यावा, असा क्रम होता. पुढे ते स्वतः शिकवीत राहिले, आणि १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलासंस्थेने त्यांचा गौरव केला. केओला बीमर यांनी १९७३ साली या रीतीचे पहिले शिक्षण-पुस्तक छापले. जे घरोघर लपविले होते, ते आता कोणीही वाचू शकत होता. त्याच पिढीत भाषाही उठून उभी राहिली: १९७८ साली हवाई भाषेस राज्याच्या घटनेत अधिकृत स्थान मिळाले, १९८४ साली त्या भाषेतली पहिली बालशाळा निघाली, आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही त्या भाषेतून शिक्षण सुरू झाले. गाणे आणि भाषा एकमेकींचा हात धरून परतल्या, असे आम्हांस वाटते.

या तारांचा नाद आपल्या देशासही अपरिचित नाही. अशाच मोकळ्या जुळणीवर पोलादी दांडी सरकवून वाजविण्याची रीत हवाईतून जगभर गेली. ताऊ मो हे वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यास राहिले होते. आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी त्या गिटारवर आपले राग वाजविले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर आणि बासरी यांच्या पंक्तीस बसली आहे.

आता आपल्याकडे वळू. आपली शाळा महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी शिकविते. आपल्या घरांतील गाणी कोणी कायद्याने बंद केलेली नाहीत. तरीही ती जात आहेत. आमच्या एका सोबतिणीच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत. जाते केव्हाच परसात पालथे पडले होते. ओव्या तेवढ्या उरल्या होत्या. ‘अलोहा ओए’ बसवून झाल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. म्हटले, या सैल तारांवर आजींच्या ओव्या धरून पाहू. आजी दोन महिन्यांपूर्वीच वारल्या होत्या. सोबतीण म्हणाली, “आजी कधी नाही म्हणाली नसती. आम्हीच कधी मागितले नाही.” मूठ झाकलेली नव्हती, तिच्यापुढे हात पसरणारे कोणी नव्हते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. या वर्षी प्रत्येकाने आपल्या घरातले एक गाणे, ओवी असो, पाळणा असो की भूपाळी असो, वडीलधाऱ्यांकडून मागून घ्यावे. शब्द वहीत लिहावे, आणि ज्यांना सरगम येते त्यांनी चालही टिपून ठेवावी. शाळेतील गिटार प, सा, प, सा, ग, प अशी लावून ठेवण्याचे काम आम्ही पत्करतो. तारा कशा उतरवावयाच्या हे वर लिहिलेच आहे. त्यात आता गुपित काही उरलेले नाही.