घराण्याचा लौकिक आणि गाणाऱ्याचा गळा

नवरात्र जवळ आले की धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत दोन प्रकारची धांदल सुरू होते, एक कुळाचाराची आणि दुसरी गाण्याची. पवारांच्या पाठोपाठ माळव्यात आलेल्या या घरांनी अखंड दिवा, नऊ दिवसांच्या माळा, अष्टमीचा नैवेद्य हे सारे जपले, तशीच देवीपुढील गाण्याची सेवाही जपली. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु या सेवेचा भार घरातील नेमक्या कोणाच्या अंगावर पडतो, याची विचारपूस आपण क्वचितच करतो.

आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा गळा पंधरा दिवसांपासून बसला आहे. शाळेची नोकरी, अंथरुणाला खिळलेली आजी, सोवळ्याचा स्वयंपाक आणि पहाटेचा रियाज, असा तिचा दिवस. तिचे वडील आले आणि म्हणाले, "गुरुजी, पंचमीला हिचे गाणे झालेच पाहिजे. तीन पिढ्यांत खंड पडलेला नाही."

ते ऐकून आम्हांस आमचे वडील आठवले. ते दरबारी गवयी. संस्थाने गेली, तरी दसऱ्याच्या बैठकीचा मान त्यांनी सोडला नाही. एका वर्षी ते अंगात ताप असताना गायले, आणि वरचा षड्ज त्यांच्या गळ्यात पुन्हा कधी आला नाही. त्या बैठकीची वाहवा लोकांनी पुष्कळ वर्षे सांगितली. त्यानंतरची मुकी वर्षे मात्र आमच्या आईनेच पाहिली.

याच्या उलट उदाहरण याच देवासात घडलेले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी बालवयातच कुमार गंधर्व म्हणून गाजले. मुंबईस देवधर मास्तरांकडे त्यांचे शिक्षण झाले. 1947 साली विवाह झाला आणि लगेच क्षयाने गाठले. 1948 साली कोरड्या हवेसाठी ते देवासला आले. गाणे बंद करावे लागले, तेही ऐन उमेदीत आणि कित्येक वर्षे. सबंध हिंदुस्थान ज्याच्या गळ्याकडे डोळे लावून बसला होता, तो गळा गप्प राहिला. बिछान्यावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी बायकांची गाणी ऐकली, त्यांचा विचार केला. 1953च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. तरी पुढे जवळजवळ चार दशके ते गायले. आजारपण हे वरदान होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या वर्षांत लौकिकासाठी त्यांना बैठकीवर बसवले असते, तर पुढचे काहीच उरले नसते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ही विश्रांती कोणाच्या कष्टांवर उभी होती? भानुमतीबाईंच्या. त्याही देवधर मास्तरांकडेच शिकलेल्या. देवासात त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली, घर चालवले आणि संसर्गाचे भय असलेल्या रोगात शुश्रूषा केली. 1961 साली बाळंतपणात त्या गेल्या. कुमारांच्या गाण्याविषयी आपण भरभरून बोलतो. भानुमतीबाईंच्या गाण्याचे काय झाले, हे विचारणारे किती निघतील? एकाला विसावा द्यायचा आणि त्याचे सगळे ओझे घरातल्या एकाच बाईवर टाकायचे, याला समतोल म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, अशा सवलतीने कुळाचार बुडेल. पण सवलत तर कुळाचारातच आहे. आजाऱ्याला उपासाची सक्ती नाही. सुतकात पूजा दुसऱ्याकडून करून घेतात, आणि देवी त्याने रागावत नाही. सवलत नसते ती आपल्या मानपानाला.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही इतकेच सांगितले: पंचमीला आरती तुम्ही म्हणा, मुलाला पेटीवर बसवा. आजीजवळ रात्री आळीपाळीने बसा, आणि स्वयंपाकाला दुसरे हात लावा. मुलगी त्या दिवशी नुसती ऐकायला बसेल. ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा पेटी दुरुस्त करून घ्यायला आमच्याकडे आला. तीन पिढ्यांची सेवा यंदाही होईल, आणि चौथ्या पिढीचा गळाही राहील.